लांबोडीची पाठवणी

मधू, काल सकाळी तुझी गाडी गेली. नीट गेली. मस्कतला पोचल्याचा दुपारी फोन आला, कुठे ओरखडासुद्धा नाही म्हणाले. हे सगळ्यात आधी सांगते, कारण तू असतास तर मी दारातून आत पाऊल टाकायच्या आधी तेच विचारलं असतंस. मी जेवले का, उन्हात किती वेळ उभी होते, हे सगळं नंतर. किंवा ते विचारायचं राहूनच गेलं असतं.

सगळे मला सांगतात, मन मोकळं कर, रडून घे. अरे, मी रडतेच आहे. भाजी चिरताना रडते, तुझे शर्ट कपाटातून काढून पुन्हा कपाटात ठेवताना रडते. पण रडता रडता तुझ्याशी भांडतेही, आणि ते लोकांना कुठल्या तोंडाने सांगू? नवऱ्याला जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि ही बाई त्याच्या नावाने बोटं मोडत बसलीय, असं म्हणतील. म्हणून तुलाच लिहिते. चारचौघांत मी तुला अहो-जाहो करायचे, इथे चारचौघं नाहीत.

ती गाडी आपल्या संसारात आली ती बकऱ्यांसकट. सोहारजवळ सहम गावात ताजी सुरमई मिळते म्हणून तू फॅक्टरीतल्या कोणाबरोबर तरी गेलास आणि सुरमई न घेताच परत आलास. हातापायाला ग्रीस, केसांत गवत आणि चेहऱ्यावर असला काही आनंद की मला वाटलं, हा कुठे पिऊन बिऊन आला की काय. तिथे भेटलेल्या सालेमच्या मजऱ्यात, म्हणजे त्याच्या लिंबाच्या बागेत, मागच्या बाजूला खजुरीच्या झावळ्यांखाली एक गाडी उभी होती. साठच्या दशकातली अमेरिकन, दोनच दारांची, पण लांबीला आपल्या दोन गाड्या बसतील एवढी. सालेमच्या वडिलांनी हौसेने आणलेली, ते गेल्यापासून तशीच पडलेली. मागच्या सीटवर बकरी व्यायलेली होती. गाडीचं खरं नाव मला कधी नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी तिला लांबोडी म्हणायला लागले, आणि तू आधी चिडलास आणि मग तूही तेच म्हणायला लागलास.

सालेमने ती तुला देऊन टाकली. अट एकच, चालू झाली की पहिली फेरी त्याच्या आईला. आठवतं, त्या म्हातारीने किती वर्षं वाट पाहिली? दर ईदला तुला विचारायची, झाली का, आणि तू म्हणायचास, इन्शाल्ला. शेवटी झाली तेव्हा ती पुढच्या सीटवर कॉफीचा थर्मास मांडीवर घेऊन राणीसारखी बसली आणि बागेच्या वाटेने फाटकापर्यंत जाऊन परत आली. उतरल्यावर म्हणाली, माझा नवरा यापेक्षा जोरात चालवायचा. तुला तेवढं खट्टू झालेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आणि मी तेवढी हसलेही नव्हते.

तुला त्या गाडीचं काय वेड होतं ते मी एवढ्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन. इतकी लांब, इतकी जड अमेरिकन गाडी, पुढे हे एवढं धूड इंजिन, आणि चालते मात्र पुढच्या चाकांवर. त्या काळात असल्या गाड्या सगळ्या मागच्या चाकांनी ढकलल्या जायच्या, आणि या एका गाडीवाल्यांना म्हणे काहीतरी वेगळं सुचलं. तू ताटातलं वरण निवू द्यायचास आणि बोटाने टेबलावर आकृत्या काढायचास.

"नीला, बैलगाडी बघ. बैल कुठे असतात?"

"मधू, जेव."

"पुढे असतात. पुढून ओढतात. कुठला शेतकरी बैल मागे बांधतो का? पण हे गाडीवाले बांधत होते ना इतकी वर्षं!"

"मी ऐकत नाहीये."

"आणि गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे नाही, शेजारी. मधे साखळी. एवढी जाड."

हे संभाषण आपल्या घरात किती वेळा झालं असेल. मुग्धा लहान होती तेव्हा ती मधेच म्हणायची, "बाबा, प्लीज, नॉट द चेन अगेन." आणि तू तिलाही पुन्हा पहिल्यापासून सांगायचास. मराठी मंडळातल्या बायका हसून विचारायच्या, काय म्हणते तुझी सवत? मी म्हणायचे, सवत परवडली असती. सवतीला पिना-पट्ट्या अमेरिकेतून मागवाव्या लागल्या नसत्या, आणि सवत निदान स्वयंपाकाला हात लावती.

पण एक गोष्ट मी त्या बायकांना कधी सांगितली नाही. लांबोडी पहिल्यांदा मुख्य रस्त्यावर काढलीस, तेव्हा तू मला घ्यायला घरी आलास. शुक्रवारची दुपार टळली होती. दार एवढं लांब की ते उघडायला शेजारच्या मल्याळी जोडप्याला त्यांची गाडी मागे घ्यावी लागली. आत पुढे एकच अखंड सीट, सोफ्यासारखी, आणि पायाखाली जमीन सपाट, मधे तो उंचवटा नाही. तू म्हणालास, पुढून ओढते म्हणून मागे दांडा जात नाही, म्हणून उंचवटा नाही, म्हणून मधे बसता येतं. ये, मधे बस. मी म्हटलं, वय काय आपलं, लोक बघतायत. आणि खिडकीशी बसून आपल्या दोघांच्या मधे मुद्दाम डब्याची पिशवी ठेवली. समुद्राकाठी गेलो, कोळ्यांच्या होड्या वाळूवर ओढून ठेवल्या होत्या. अंधार पडायला लागला तसे तू दिवे लावलेस. तिचे दिवे पापण्यांखाली झाकलेले, आणि त्यातली डावी पापणी जरा उशिराने उघडायची. तू म्हणालास, बघ, आळस देते आहे. परत येताना पिशवी मी पायाशी ठेवली होती. ते तुझ्या लक्षात आलं होतं, मला माहीत आहे, कारण गाडी तू बैलगाडीच्या वेगाने चालवलीस.

दसऱ्याला तू तिची पूजा करायचास. हमरियातल्या फुलवाल्याकडून कोणातरी मस्कतहून येणाऱ्याच्या हाती झेंडू मागवायचास, हळद-कुंकू, बॉनेटवर स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. लिंबू सालेमच्याच झाडाचं. तो दर वर्षी हताश होऊन बघायचा. "मधू भाई, ये खाने का चीज है. गाडी के नीचे क्यों?" तू म्हणायचास, "तेरा ही लिंबू है सालेम, तेरा ही बरकत." मग तो हसायचा आणि त्याच्या पोरांना पेढे द्यायला बोलवायचा. फॅक्टरीत तू पाने-पकडी आणि मशीनची पूजा करायचास आणि तिथून थेट सहमला. घरची पूजा तोपर्यंत मी एकटीने उरकलेली असायची. त्याबद्दल मी कुरकुर केली, ती खरीच केली, आत्ताही ती मागे घेत नाही.

आता भांडणाकडे येते. ते आपलं शेवटपर्यंत अर्धंच राहिलं.

मला परत जायचं होतं, मधू. पुण्याचा फ्लॅट घेऊन ठेवलेला, माझी बहीण दोन गल्ल्या सोडून, मुग्धा तिकडे नोकरीला लागलेली. इथे आपलं काय होतं? सोहारच्या औद्योगिक वसाहतीतली तुझी नोकरी, आणि ती तर तू केव्हाच सोडू शकला असतास. तू दर वेळी म्हणायचास, अजून एक करार. मी म्हणायचे, गाडीसाठी थांबतोयस तू. ती तिकडे नेता येत नाही, स्टिअरिंग डाव्या हाताला आहे, म्हणून आपण इथे सडायचं. तू म्हणायचास, गाडीसाठी नाही. मग कशासाठी? चहाचा कप घेऊन बाल्कनीत जाऊन उभा राहायचास. आणि मला तुझ्या त्या पाठमोऱ्या उभं राहण्याचा असा संताप यायचा की कप हातातून काढून घ्यावासा वाटायचा. आता त्या बाल्कनीत कोणी उभं नाही, तर तिकडे मी बघतसुद्धा नाही.

तू गेलास त्या शुक्रवारचं काही लिहीत नाही. भरली वांगी केली होती, ती झाकूनच राहिली. सालेमने फोनवर एवढंच म्हटलं, सिस्टर, तुम आ जाओ, आणि त्याच्या आवाजावरून मला सगळं कळलं. तू गाडीशेजारच्या बाजेवर आडवा होतास, सालेमने तुझ्या अंगावर त्याचा स्वतःचा मस्सर, डोक्याला बांधतो ते कापड, घातला होता. चेहरा शांत होता असं सगळे सांगतात. मला तो शांत वाटला नाही. मला तो काहीतरी सांगायच्या बेतात असल्यासारखा वाटला, आणि तेच अजून मला छळतं.

तुझ्या नोकरीबरोबर माझाही व्हिसा जातो. आवराआवर करायला थोडी मुदत मिळाली, तेवढ्यात घर, बँक, फर्निचर, तुझी पुस्तकं. मुग्धा आली होती, तिने निम्मं उरकलं. राहिली लांबोडी. तिचं काय करायचं हे तू कोणालाच सांगून गेला नव्हतास, असं मी समजत होते. सालेमकडे गेले तर तो म्हणाला, मस्कतचे एक गृहस्थ आहेत, अबू फैसल, जुन्या गाड्या जपतात, तू असतानाच दोनदा येऊन गेले. पहिल्या वेळी तू त्यांना चहासुद्धा नीट दिला नाहीस म्हणे. दुसऱ्यांदा मात्र गाडी चालू करून दाखवलीस, बाजूला बसवून फिरवून आणलंस.

"फिर वो पूछा, देगा क्या?" सालेम सांगत होता. "मधू भाई बोला, मैडम को घर जाने का है. ठंडी में आओ, इन्शाल्ला."

मी त्याला तेच तीनदा विचारलं. मैडम को घर जाने का है, असंच म्हणाला का? हो, असंच. माझ्याकडे बघून सालेम पाणी आणायला गेला.

मधू, हे तू मला का नाही सांगितलंस? तू ठरवलं होतंस का? की आलेल्या पाहुण्याला वाटेला लावायला आपले सगळेच म्हणतात तसं ते इन्शाल्ला होतं? गेल्या थंडीतल्या आपल्या त्या मोठ्या भांडणानंतरचं हे, की आधीचं? सालेमला आठवत नाही. मी रोज वेगळं ठरवते. ज्या दिवशी बरं वाटत असतं त्या दिवशी वाटतं, तू येत होतास माझ्याबरोबर, फक्त सांगायला चांगला मुहूर्त बघत होतास. ज्या दिवशी काहीच बरं वाटत नाही त्या दिवशी वाटतं, तू ‘मैडम को’ म्हणालास, ‘हम को’ नाही म्हणालास. दोन शब्दांवरून बायको भांडण उकरून काढते म्हणून तू वैतागला असतास. वैताग. निदान तेवढं तरी कर.

तर गाडी अबू फैसलना द्यायची ठरली. मी सालेमला एकच म्हटलं, मला दुसरं काही नको, तिचं काही मोडता कामा नये. तू हयातभर जे जोडलंस ते माझ्या हातून जाताना तुटलं, हे ओझं सोबत घेऊन मला पुण्याला जायचं नव्हतं. झोपच लागत नव्हती त्या विचाराने.

काल सकाळी गाडी ओढून नेणारा रिकव्हरीवाला आला. मोठा सपाट ट्रक त्या बागेच्या वाटेत शिरत नाही, म्हणून मागे आकडा असलेली छोटी गाडी. चालवणारा एक पठाण, नियाज खान, भला माणूस, आल्या आल्या सालेमला मिठी मारली आणि मला, ताई म्हणावं तसं, म्हणाला, बाजी, बहुत अफसोस हुआ. लांबोडी झावळ्यांच्या शेडमध्ये नाकाने आत शिरून उभी. शेपूट बाहेर. तो ट्रक उलटा घेऊन थेट तिच्या शेपटीशी आला आणि मागच्या चाकांना पट्टे बांधायला लागला. मागचा भाग वर उचलायचा, पुढची चाकं रस्त्यावर, आणि तसंच ओढत मस्कतपर्यंत न्यायचं.

मी सावलीत खुर्चीवर बसले होते. आणि माझ्या तोंडून आलं, "नाही, नाही, थांबा! रुको!"

नियाज खान थांबला. "क्या हुआ बाजी?"

"पीछे से नहीं. आगे से उठाओ."

तो हसला, समजूत घालावी तसा. "बाजी, अमरीकन गाडी है. इतना लंबा बोनट देखो. ये सब पीछे के चक्के से चलती हैं. पीछे से ही उठाते हैं. मैं रोज उठाता हूँ."

"ये नहीं चलती. ये आगे से चलती है." मी उठून उभी राहिले होते. "इंजिन बंद और आगे के चक्के रोड पर घूमे, तो गिअरबॉक्स भी घूमेगा. अंदर तेल फिरेगा नहीं. बीच में चेन है. मस्कत पहुँचते पहुँचते सब जल जाएगा."

सालेम माझ्याकडे टकामका बघत राहिला. नियाज खान खाली वाकला, पुढच्या चाकांच्या आत बघितलं, मागे जाऊन खाली बघितलं, आणि उठून कपडे झटकत म्हणाला, "बात तो ठीक है. मगर फिर इसको घुमाना पडेगा. चलाएगा कौन?"

तो सालेमकडे बघत होता. सालेमने दोन्ही हात वर केले. "मैं नहीं. मधू भाई किसी को हाथ लगाने नहीं देता था."

तेव्हा मी गेले, मधू. नियाज खान परक्याची जुनी गाडी चालवायला तयार नव्हता, आणि बाजारहाटाची आपली छोटी गाडी इतकी वर्षं मीच चालवत होते. त्यांनी ट्रकवरून बॅटरीला तारा जोडल्या. मी ते मैलभर लांब दार उघडलं आणि आत बसले आणि माझे पाय पोचेनात. सीट तुझ्या पायांच्या मापावर होती. तू शेवटचा उतरलास तेव्हा जशी होती तशी. मी तशीच बसून राहिले. नियाज खान बाहेरून काही विचारत होता, मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. तुझे कपडे वाटून टाकताना मला एवढं झालं नव्हतं. ती सीट पुढे ओढली की तू बसायचास ती जागा जाणार होती, आणि नाही ओढली तर गाडी हलणार नव्हती. मी खालचा खटका दाबला आणि ओढली. मोठ्याने रडत ओढली. सालेमने तोंड फिरवलं.

मग तू सांगायचास ते केलं. पेडल एकदा पूर्ण दाब, सोड, मग किल्ली. दोनदा नुसतीच कुरकुरली, तिसऱ्यांदा सुरू झाली आणि सगळ्या बकऱ्या उधळल्या. उलटी घेतली, लिंबाच्या झाडांमधून हळूहळू, सालेम पुढे हात दाखवत, मोकळ्या जागेत वळवली, नाक ट्रककडे करून उभी केली. एवढी मोठी गाडी, पण स्टिअरिंग पोळपाट फिरवावा तेवढं हलकं. हे तू सांगितलं होतंस की नाही ते मात्र मला आठवत नाही. बहुतेक सांगितलं असशील.

पट्टे बांधताना नियाज खानने विचारलं, "बाजी, ये सब किसने सिखाया आपको?"

मी म्हटलं, "किसी ने नहीं. घर में बात होती थी."

पुढची चाकं उचलली गेली. लांबोडी मान वर करून बागेच्या वाटेने गेली, फाटकातून वळली, आणि नुसती धूळ राहिली. सालेमने मस्सरच्या टोकाने डोळे पुसले. "खलास," तो म्हणाला, स्वतःशीच. मला मात्र, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी रडू आलं नाही. मला आनंद झाला होता, केवढा तरी. तुझी गाडी वाचली होती, आणि ती मी वाचवली होती, मी! मी घाईघाईने पर्समधून फोन काढला, तुझं नाव काढलं, बोट त्यावर ठेवायच्या बेतात होते, कारण ही बातमी पहिल्यांदा तुलाच सांगायची होती.

फोन हातात धरून किती वेळ उभी होते, माहीत नाही. ऊन चढलं होतं. मग मुग्धाला लावला. तिला सगळं सांगितलं, शेपूट, पट्टे, साखळी, सगळं. "ओ माय गॉड आई, यू ड्रोव्ह इट? आय ॲम सो प्राउड ऑफ यू," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. पण मी काय केलं ते तिला कळलं नाही, मधू. सालेमला कळलं नाही, नियाज खानला अर्धं कळलं. सगळं कळेल असा एकच माणूस होता.